अकरावा राघू

ताई, पेपरात दिलेला तुझा फोटो वाईट आलाय, हे आधीच कबूल करतो. घाईत जो हाती लागला तो दिला. त्यात तू कुणावर तरी चिडलेली दिसतेस, बहुधा माझ्यावरच. खाली जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं दोन इंचांत बसलं. त्यातलं काही मी इथे परत लिहीत नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि तू भांडण अर्ध्यावर टाकून गेलीस.

तुला जाऊन आज सतरावा दिवस. गिरगावातल्या आपल्या घराच्या गॅलरीत, तुझ्या वेताच्या खुर्चीत बसून लिहितोय. सकाळचे दहा वाजलेत. अकराला पालिकेच्या हेरिटेज समितीकडून एक मॅडम घराचा दर्शनी भाग तपासायला येणार आहेत. हे घर संरक्षित वास्तूंच्या यादीत राहणार की बाहेर निघणार, ते त्यांच्या टिपणावर ठरेल. बाहेर निघालं तर बिल्डर आख्खी वाडी एकत्र घेईल आणि घर पाडेल. माझ्या पायाशी एक फळी पडली आहे, दोन हात लांब, चार खिळ्यांची. ती परत ठोकायची की नाही, एवढंच मला तासाभरात ठरवायचंय. पांचाळ सुतार हातोडी घेऊन खाली थांबलेत.

हे कुणी परक्याने वाचलं तर त्याला राघू कळायचे नाहीत, म्हणून सांगून टाकतो. आपली पहिल्या मजल्यावरची गॅलरी गल्लीवर पुढे आली आहे. ती ज्या लाकडी ब्रॅकेटांवर उभी आहे त्यांना पोपटांचे आकार आहेत. ब्रह्मदेशी साग, एकेक तुकडा आपल्या कमरेएवढा. कोरणाऱ्याने एकही दुसऱ्यासारखा केला नाही. एकाच्या तोंडात मिरची आहे, एक मान वळवून मागे बघतो, एकाने डोळे मिटलेत. इतिहासाची पुस्तकं त्यांना काहीही म्हणोत, आपल्याकडे ते राघू. दारावर एक, डावीकडे पाच, उजवीकडे चार. उजव्या टोकाला, जिथे वाडीतली बोळ विहिरीकडे वळते, तिथे अकरावा असायला हवा होता. तिथे काही नाही. नुसती तुळई हवेत पुढे आली आहे.

मी पाच-सहा वर्षांचा असताना तू सांगायचीस की अकरावा विहिरीवर पाणी प्यायला गेला आणि आईसारखीच कुणीतरी बाई दिसली म्हणून तिच्याबरोबर निघून गेला. आई नुकतीच गेली होती. ती गोष्ट तू माझ्यासाठी रचलीस की स्वतःसाठी, ते मी कधी विचारलं नाही.

खरी हकीगत मोठेपणी सांगितलीस. पणजोबा गोदीतल्या कचेरीत हेडक्लार्क. आयुष्यभर दुसऱ्याची पत्रं सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि हे घर बांधलं. अकरा राघू कोरायला सांगितले, दहा बसले. अकरावा बसवायच्या दिवशी पणजीच्या लक्षात आलं की त्याची शेपटी बोळीत बरोबर माणसाच्या डोक्याच्या वर दीड हातावर येतेय, आणि वाडीतल्या बायका विहिरीवरून हंड्यावर कळशी ठेवून तिथूनच जातात. पणजोबा म्हणाले, बायकांनी पलीकडून वळसा घालावा. पणजी म्हणाली, "आपला एक राघू उडाला तर उडू दे. भरल्या हंड्याला वळसा नको." तुळईला खाच मारायच्या आधीच सुताराला थांबवलं. विहिरीवर आता सिमेंटचं झाकण आहे आणि त्यावर मागच्या चाळीतल्या पेडणेकरांची मोटरसायकल उभी असते. पण त्या मोकळ्या जागेखालून जाताना तू हात वर करून अंतर बघायचीस. मला हसू यायचं. मी म्हणायचो, "ताई, एका लाकडाचं केवढं पुराण!"

आता माझ्या पापाकडे येतो.

तू हे घर यादीत घालण्यासाठी अर्ज केलास तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. दर्शनी भागाचं ड्रॉइंग हवं होतं. तू म्हणालीस, "बाहेरच्या कुणाला कशाला, आपला अरू आहे ना." मी टेप घेऊन खाली उतरलो. डावी बाजू नीट मोजली, शपथेवर सांगतो. दारावरचा राघू मोजला. तेवढ्यात साडेचार वाजले आणि नीलिमा चौपाटीवर पाचला येणार होती. तेव्हा ती फक्त नीलिमा होती, तुझी भावजय नव्हती. मग आम्ही वर्गात करायचो तेच केलं. अर्धं ड्रॉइंग काढलं, ट्रेसिंग पेपर मधोमध दुमडला आणि उरलेला अर्धा भाग वरून गिरवला. डावीकडे पाच, म्हणून उजवीकडे पाच. पणजीने उडवलेला राघू मी दहा मिनिटांत कागदावर आणून बसवला आणि चौपाटीवर वेळेत पोचलो. विद्यार्थ्याच्या सहीला किंमत नव्हती म्हणून खाली सही तुझी. तू डोळे मिटून केलीस.

तो कागद फायलीत गेला आणि तिथेच राहिला. कुणी बघितला नाही. बिल्डरच्या माणसांनी मात्र मागच्या वर्षी बघितला. त्यांनी हरकत घेतली: नोंदीत अकरा ब्रॅकेट आहेत, जागेवर दहा. म्हणजे मालकांनी संरक्षित वास्तूचा मूळ भाग काढला. वास्तू आता मूळची राहिलेली नाही, यादीतून वगळावी. बघ, सुंठीवाचून खोकला जात होता. त्यांना घर पाडायला पहारही लागली नसती, माझी पेन्सिल पुरली असती.

हरकतीचा कागद घरी आला त्या रविवारी मी तुझ्याकडे जेवायला आलो होतो. तू कोलंबी घालून कोबीचं भानोलं केलं होतंस. जेवण झाल्यावर, ताट उचलता उचलता, माझ्याकडे न बघता विचारलंस, "अरू, ते ड्रॉइंग काढताना तू मोजलं होतंस ना रे?"

मी भडकलो. का भडकलो ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. "ताई, मी इंजिनिअर आहे. न मोजता काढतो का मी?"

"बरं," तू म्हणालीस.

एवढंच. त्या "बरं"वर मी जिना उतरलो. आपण त्याआधी वर्षभर भांडतच होतो, पण मोठ्याने. मी म्हणायचो, घर धोकादायक झालंय, विकू या, माझा रोहन डोंबिवलीला भाड्याने राहतो, त्याला इथे जागा मिळेल. तू म्हणायचीस, "तुझ्या वडाळ्याच्या बिल्डिंगला वीस वर्षांत तीन वेळा टेकू लागलेत. माझ्या घराला एकदा तरी लागलाय का?" त्या भांडणांत मजा होती. त्या "बरं"मध्ये मात्र काही मजा नव्हती.

गल्लीत आलो आणि वर बघितलं. फोन बघतोय असं दाखवत एका बोटाने मोजलं. दहा. परत मोजलं. दहा. ट्रेसिंग पेपरची ती घडी मला डोळ्यांसमोर दिसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मी आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं तर नाही! आणि गॅलरीत तू उभी होतीस. माझं बोट अजून वरच होतं. दोरीला बांधलेली भाजीची पिशवी हळूहळू खाली सोडलीस आणि म्हणालीस, "डबा विसरलास." मी भानोल्याचा डबा काढून घेतला, पिशवी वर गेली, आणि मी स्टेशनकडे चालायला लागलो.

आठ महिने, ताई. आठ महिने तू वाट बघितलीस आणि मी मूग गिळून बसलो. फोनवर औषधं विचारली, लाइट बिल विचारलं, एकदा तर तासभर आंब्यांवर बोललो. मला भीती वाटत होती. लोकांच्या इमारती तपासून शेरे मारणारा माणूस मी. माझंच पहिलं ड्रॉइंग दुमडून गिरवलेलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि खोटं कशाला बोलू, मनात दुसरीही एक गोष्ट होती. गप्प बसलो तर घर आपोआप सुटणार होतं. मला वाईट व्हावं लागणार नव्हतं. मग एका मंगळवारी सकाळी तू दूध तापायला ठेवलंस आणि ते उतरवायला उठली नाहीस.

तेराव्याला पेडणेकर आले होते. जेवले, हात धुतले आणि मला बाजूला घेतलं. "अरुणदादा, ताई होत्या तोवर आम्ही एक शब्द बोललो नाय. माणूस मोठं होतं. पण आता तुम्हीच काय ते बघा. आमचा जिना बघितलाय ना तुम्ही? माझी आई दोन वर्षं खाली उतरली नाय." मी तो जिना बघितलाय. पेडणेकरांचं काही चुकत नाही. रात्री नीलिमाही म्हणाली, "ताईंचा शब्द ताईंबरोबर गेला. आता मुलाचं बघा." मी मान हलवली. खरं सांगतो, तोपर्यंत माझं ठरलं होतं. मी काही करणार नव्हतो. नुसतं गप्प बसणार होतो.

परवा सुनावणी होती. बिल्डरच्या वकिलाने फायलीतून एक पत्र काढलं. तुझं. महिन्यापूर्वीचं, तुझ्या त्या उभ्या अक्षरातलं. त्याने मोठ्याने वाचलं: "सदर ड्रॉइंगमध्ये एक ब्रॅकेट चुकून जास्त दाखवले गेले आहे. ड्रॉइंग माझ्या सांगण्यावरून तयार झाले व त्यावर सही माझी आहे. चूक सर्वस्वी माझी आहे. घरात पूर्वीपासून दहाच आहेत." वाचून झाल्यावर तो हसला. म्हणाला, "मूळ भाग काढून विकला असेल तर कुणीही असंच लिहील. चोरबाजारात अशा वस्तूंना गिऱ्हाईक असतं." दोन-तीन जण त्याच्याबरोबर हसले. समितीतल्या एकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आपण त्यांचे बंधू ना? आपल्याला काही सांगायचंय?"

तू राघू विकणारी! घरातलं लाकूड बोटभर कापायचं तर तू पांचाळांना तीन वेळा विचारायला लावायचीस. दरवर्षी दिवाळीआधी शिडीवर चढून स्वतःच्या हाताने दहाही राघूंना जवसाचं तेल चोळायचीस. आणि मी बसल्या जागी म्हणालो, "नाही." ताई, मी "नाही" म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "जागेवर येऊन बघते, मग टिपण देते." ती आजची तारीख.

ते पत्र ऐकताना मला घारापुरी आठवली. मी आठ वर्षांचा, तू पंधराची. मी बोळीत रबरी चेंडू समजून सीझनचा चेंडू मारला आणि दहाव्या राघूची चोच उडाली. बाबा घरी आले तेव्हा मी मोरीत लपलो होतो. तू पुढे होऊन सांगितलंस, "माझ्या हातून कपडे वाळत घालायची काठी लागली." बाबांनी तुझी शाळेची घारापुरीची सहल बंद केली. वर्गातल्या सगळ्या मुली लाँचने गेल्या, तू दिवसभर या गॅलरीत बसलीस. संध्याकाळी मी विचारलं, "तुला राग आलाय?" तू म्हणालीस, "तुझ्यापेक्षा मला ओरडा कमी बसतो." हिशेब मांडल्यासारखं म्हणालीस आणि मला ते खरंच वाटलं. बाबा जाईपर्यंत "शैलाने चोच तोडली" असंच म्हणत राहिले. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. मला पाठीशी घालायची तुला इतकी सवय झाली, की मला कधी पुढे यायची सवयच झाली नाही. हा राग मी कुणावर काढू?

काल सकाळी पांचाळांना बोलावलं. लालबागहून आले, सत्तरीचे आहेत पण शिडीवर सरसर चढतात. विहिरीकडच्या टोकाला तुळईच्या पोटाला एक फळी ठोकलेली आहे, बाबांच्या वेळची, चिमण्या घरटी करतात म्हणून. ती काढायला सांगितली. राघू बसवायचा तर तुळईला खाच मारावी लागते, त्यात त्याचं कुसू, म्हणजे मागचा खुंट, अडकवावं लागतं. अकरावा कधीकाळी तिथे असता तर खाच असती, निदान बुजवलेली तरी. पांचाळांनी फळी काढली, अंगठ्याने धूळ पुसली आणि लाकूड बोटांनी चाचपलं.

"साहेब, हय खाच नाय. कधी नव्हतीच." मग म्हणाले, "सुताराची रेघ मात्र आसा. पेन्सिलीची. मापून ठेवलेली, मारूक नाय."

मी शिडीवर चढलो. खरंच आहे, ताई. एक चौकोन आखलेला, अकराव्या राघूच्या जागेचा. सुताराने मापून ठेवला आणि कुणीतरी त्याला थांबवलं, हातात पटाशी असताना. तू ही हकीगत जन्मभर सांगितलीस, पुरावा तुझ्या डोक्यावर सहा फुटांवर होता आणि तुला तो बघायचं सुचलं नाही. कारण खाच कुठे असते, ते तुला माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं. तुला एका इंजिनिअरची गरज होती, तू विचारलंसही, आणि मी तुझ्यावर ओरडून जिना उतरलो.

फळी तेव्हापासून खाली आहे. सकाळी पांचाळांनी परत विचारलं, "मारू काय परत? चार खिळ्यांचा काम." मी म्हटलं, थांबा जरा, चहा प्या. फळी ठोकली तर कुणाला काही कळणार नाही. घर जाईल, रोहनला जागा मिळेल, पेडणेकरांच्या आईला लिफ्ट मिळेल, आणि तू जगाच्या दृष्टीने राघू विकणारी राहशील. खाली गाडीचा आवाज येतोय. मॅडम आल्या वाटतं. अकरा वाजायला दहा मिनिटं आहेत आणि हे लोक कधी नव्हे ते लवकर आलेत.

दुपारचा दीड वाजलाय. मॅडम गेल्या. परत तुझ्याच खुर्चीत बसलोय.

मॅडम तरुण आहेत, तिशीच्या. सोबत बिल्डरचा माणूस होता, सावंत म्हणून, फोनवर फोटो काढत. बोळीच्या टोकाला पेडणेकर आपल्या खिडकीत उभे. मॅडमच्या हातात माझं ड्रॉइंग होतं. इतक्या वर्षांनी बघितलं. चांगलं काढलंय गं, रेघा सुरेख आहेत.

"डावीकडे पाच, दारावर एक, उजवीकडे चार," त्यांनी मोजलं. "अकरावं इथे असणार. सर, हे ड्रॉइंग कोणी केलं होतं, काही आयडिया आहे?"

सावंत म्हणाला, "मॅडम, सही आहे ना त्यांच्या सिस्टरची. त्यांनी लिहून पण दिलंय."

मी म्हणालो, "ड्रॉइंग मी केलंय."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. आवाज चढतोय हे मला कळत होतं. "मी केलंय आणि मी उजवी बाजू मोजली नव्हती. अर्धं काढलं आणि कागद दुमडून गिरवलं. हा कागद उन्हाला धरा, मधोमध घडी दिसेल. माझ्या बहिणीने सही केली ती माझ्यावर विश्वास ठेवून. तिच्या पत्रातला 'चूक माझी' हा शब्द खोटा आहे. तेवढाच खोटा आहे. बाकी सगळं खरं आहे, आणि ते मी तुम्हाला दाखवतो. पांचाळ, शिडी धरा."

मॅडमनी कागद उन्हाला धरला. घडी दिसली. मग ओढणी खोचून त्या शिडीवर चढल्या. खूप वेळ वरच होत्या. पेन्सिलीच्या चौकोनाचे त्यांनी चारी बाजूंनी फोटो घेतले. खाली येऊन त्यांनी विचारलं की राघू बसवायचा का थांबवला, आणि मी पणजीची, हंड्यांची, वळशाची हकीगत सांगितली. पुराण म्हणून हसायचो ती. त्या बोळीत जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर करून अंतर बघितलं. ताई, अगदी तुझ्यासारखं.

"मूळचे दहाच," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "खरं तर ही रिकामी जागा नोंदीत यायला हवी होती. ती घालते. तुमचं स्टेटमेंट लेखी लागेल, सर. तुमच्या लायसन्स नंबरसकट."

"देतो," मी म्हणालो. त्याचं जे व्हायचं ते होईल.

सावंत गाडीत जाऊन बसला. पेडणेकरांनी खिडकी लावून घेतली. तो आवाज मला लागला, खोटं सांगत नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे. आपलं घर न हलवता मागची चाळ नव्याने उभी राहू शकते, मी त्याचं ड्रॉइंग काढून देईन. या वेळी दोन्ही बाजू मोजून. नीलिमाला अजून सांगितलेलं नाही. चौपाटीपासून सुरुवात करावी लागेल.

पण तुला सांगायचं होतं ते वेगळंच. मॅडम निघताना दहाव्या राघूपाशी थांबल्या आणि परत शिडीवर चढल्या. त्याच्या तुटक्या तोंडावरून त्यांनी बोट फिरवलं. तेलाने तिथलं लाकूड काळं आणि गुळगुळीत झालंय. तू त्याला दरवर्षी दोनदा तेल लावायचीस, ते मला ठाऊक आहे.

"याची चोच तुमच्या ड्रॉइंगमध्ये आहे आणि इथे नाही," त्या म्हणाल्या. "ही कोणी तोडली?"

मोरीतून बाहेर यायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली, ताई.

"तीही मीच," मी म्हणालो.